एकोणीस नंबरचा शिक्का

ग्वाल्हेरहून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, किल्ला पाहिलात का? नाही पाहिला. अख्ख्या शहराच्या डोक्यावर बसलेला एवढा मोठा किल्ला, आणि मी जवळजवळ आठवडाभर त्याच्या पायथ्याशी राहून त्याचा एक दगडही न बघता परत आले. जानेवारीतलं धुकं होतं. रिक्षावाला बोट दाखवून सांगायचा, "वो देखिए मैडम, किला," आणि मी त्या बोटाच्या दिशेला असलेल्या पांढऱ्या पोकळीकडे बघून मान डोलवायचे. सिंहगडावर आपण ज्याचे कौतुकाने फोटो काढतो ते धुकं तिथल्या धुक्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

मी गेले होते कामाला. आमच्या पुण्याच्या कंपनीने ग्वाल्हेरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन लहान कंपन्या विकत घेतल्या होत्या आणि आता त्यांचं एकत्रीकरण चाललं होतं. माझं काम गुणवत्ता तपासण्याचं. माझी लेक त्याला 'नावं ठेवायची नोकरी' म्हणते. दोन्हीकडच्या पद्धती बघायच्या, तुलना करायची आणि एकत्र झाल्यावर कोणाची पद्धत चालवायची ते सांगायचं, एवढं माझ्यावर सोपवलं होतं.

पहिली कंपनी जुनी. ती उपग्रहांसाठी झडपा करते. उपग्रह वर गेल्यावर त्याला जरा इकडे, जरा तिकडे वळवायला छोटी इंजिनं असतात, त्यांचं इंधन सोडणाऱ्या आणि अडवणाऱ्या झडपा. दुसरी कंपनी नवी. संगणकाच्या चिप ज्या यंत्रांत तयार होतात, त्या यंत्रांसाठी ती निर्वात पेट्या बनवते, म्हणजे आतली हवा पार काढून घेता येईल अशा धातूच्या पेट्या. दोघींच्या मध्ये एकच भिंत. विलीनीकरणाचा शुभारंभ म्हणून त्या भिंतीला भगदाड पाडून दार बसवलं होतं. कागदावर सगळं फार छान दिसत होतं. दोन्हीकडे अतिसूक्ष्म काम, दोन्हीकडे मोजकी गिऱ्हाइकं, दोन्हीकडे टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टील. एका घरात दिलेल्या दोन जावांचंही कागदावर पटायला काही हरकत नसते.

भिंतीच्या अलीकडे

स्टेशनवर मला घ्यायला झडपांच्या कंपनीचे कारखानाप्रमुख जाधव आले होते. निवृत्तीला टेकलेले, ताठ, डोक्याला लोकरी कानटोपी. आपले पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले हे त्यांनी माझी बॅग उचलता उचलताच सांगून टाकलं.

"बाईसाहेब, गाडी लेट झाली तर आम्हाला फिकर लागली," ते म्हणाले. "चला, पहिले नाश्ता करून घेऊ. कारखाना काही पळून नाही जात."

हजीऱ्याच्या बाजारात एका धुरकट दुकानापुढे उभं राहून बेडई खाल्ली. बेडई म्हणजे डाळ भरलेली खमंग पुरी. तिच्यावर बटाट्याची तिखटजाळ भाजी आणि वर लगेच गरम जिलबी. आपल्याकडे मिसळीनंतर ताक पितात, तिथे तिखटाचा उतारा जिलबी. जिभेला आधी भाजायचं आणि मग लाड करायचे, ही पद्धत मला मनापासून पटली. धुक्यातून अर्धवट दिसणारी माणसं येत होती, द्रोण घेऊन पुन्हा धुक्यात जात होती. दुकानदाराचा नुसता हातच काय तो स्पष्ट दिसत होता.

झडपांच्या हॉलमध्ये शिरताना दारातच माझ्याकडच्या वस्तू मोजून घेतल्या. पेन, त्याचं टोपण, चष्मा, केसांतल्या पिना. एखादी पिन उपग्रहाच्या भागात राहून गेली तर काय होतं ते मला ठाऊक आहे, अशी मोजणी मी इतर ठिकाणीही पाहिली आहे. पण इथली काही औरच. बाहेर पडायच्या वेळी माझ्या पेनाचं टोपण सापडेना. जाधवांनी नुसता हात वर केला आणि अख्खा हॉल थांबला. यंत्रं बंद झाली. सगळी माणसं गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागली. कोणी चिडलं नाही, कोणी हसलं नाही, कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपण निघालं माझ्याच पर्सच्या फाटक्या अस्तरात. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माणसं उठली, गुडघे झटकले आणि पुन्हा कामाला लागली.

"आमच्या इथे माणूस सही नाही करत, नंबर करतो," जाधव मला समजावू लागले. प्रत्येक तपासनिसाला एक नंबर आणि त्या नंबराचा रबरी शिक्का. भाग पसंत पडला की त्याला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर हिरव्या शाईचा शिक्का, नापसंत पडला की लाल शाईचा. तो भाग आकाशात जाऊन कितीही वर्षं लोटली तरी त्याला कोणाचा हात लागला होता ते सांगता आलं पाहिजे. हेही सगळीकडे असतं. इथली जास्तीची गोष्ट अशी की ही माणसं एकमेकांना हाका देखील नंबरानेच मारतात. "बारा, जरा इधर आना." "सात की तबीयत ठीक नहीं." तपासनीस निवृत्त होतो त्या दिवशी त्याच्यासमोर त्याचा शिक्का कापून टाकतात, आणि तो नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत.

हॉलच्या टोकाला तारेच्या जाळीची एक छोटी खोली होती, बाहेरून कुलूप. संशय आलेला माल तिच्यात ठेवतात. नियम असा की जो तपासनीस माल आत टाकतो, त्यानेच तो बाहेर काढायचा. पसंत करून काढा नाहीतर भंगारात काढा, पण त्यानेच. आत एका फळीवर, मोठ्या पेढ्याएवढे टायटॅनियमचे भाग ओळीने मांडून ठेवले होते. त्यांच्यावर धूळ नव्हती. कोणीतरी रोज पुसत असणार.

"हा उन्नीसचा माल," जाधव हळू आवाजात म्हणाले.

एकोणीस नंबर म्हणजे मोरे नावाचे जुने तपासनीस. त्यांनी हे भाग मोजले, क्ष-किरणांखाली पाहिले, सगळं बरोबर निघालं. मग त्यांनी एकेक भाग उचलून कानाशी नेला, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली आणि अख्खा माल जाळीत ठेवून दिला. कारण विचारलं तर म्हणाले, उद्या सांगतो. त्याच रात्री घरी झोपेत ते गेले. कारण कोणालाच कळलं नाही. माल जाळीतच राहिला, कारण तो बाहेर काढणारा आता नव्हता.

आता पुण्याहून हुकूम सुटला होता की एकत्रीकरणाआधी जाळी रिकामी झाली पाहिजे. माल पसंत झाला तर गिऱ्हाईक तो उचलणार होतं, पुढचं कामही देणार होतं आणि झडपांचा हॉल आपल्या जागी राहणार होता. भंगारात गेला तर हॉल बंद. यंत्रं विकायची, निम्मी माणसं भिंतीपलीकडे पेट्यांच्या कामाला लावायची आणि बाकीची घरी.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं. "मोरे तर गेले."

"आता अडलं नाही, बाईसाहेब," जाधव म्हणाले. "उन्नीस परत आले ना."

मी जाळीपासून दोन पावलं मागे सरले, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात चहाची वेळ झाली आणि हॉलमधली माणसं एकदम उठून उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "उन्नीस आ गए." मी दाराकडे पाहिलं. हिरव्या स्वेटरमधली, पस्तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी आत आली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि समोर ठेवलेला चहा पिऊ लागली.

ती मृणाल खांडेकर. भिंतीपलीकडच्या पेट्यांच्या कंपनीतली. चूक आमच्या पुण्याचीच होती. दोन्ही कंपन्यांची माणसं एका संगणकात घातली तेव्हा मोऱ्यांचा नंबर मोकळा दिसला. मोरे नोकरीत असतानाच गेले, म्हणून त्यांचा शिक्का कापायचा राहिला होता. संगणकाने तो नंबर, शिक्क्यासकट, मृणालला देऊन टाकला, आणि दिवसाचा काही वेळ झडपांच्या हॉलमध्ये तपासणीला बसायचं कामही. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात लोकांनी आरडाओरडा केला असता. इथे नंबर कधी चुकत नाही. एकोणीस नंबर आला म्हणजे एकोणीस नंबर आला, एवढंच त्यांनी ध्यानात घेतलं.

मी मृणालशेजारी बसून तिच्याच किटलीतला चहा घेतला. त्यात साखरेचा कणही नव्हता.

"मोरेसाहेबांना शुगर होती," ती हसून म्हणाली. "पहिले मी बदलून घ्यायचे. आता आदत पडली."

भिंतीच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी मी नव्या दारातून पेट्यांच्या कंपनीत गेले. तिथे वस्तू मोजल्या नाहीत, मलाच पुसून काढलं. आधी चेहरा धुवायला लावला. पावडर चालत नाही, काजळ चालत नाही, अंगाला लावलेलं सुवासिक काही चालत नाही. मग पायापासून डोक्यापर्यंत पांढरा झगा, हातमोजे, तोंडावर पट्टी. उघडे राहिले ते फक्त डोळे. आरशात पाहिलं तर मी नव्हतेच, कोणीतरी डोळेवालं होतं. आत सगळे तसेच. बाई कोण, बुवा कोण, साहेब कोण, झाडूवाला कोण, काही कळायची सोय नाही. बोलायचंही कमी, कारण बोलताना तोंडातून कण उडतात. चिपवर एक कण पडला तर चिप वाया.

माझ्या डोक्यात तुलना तिथेच तयार झाली. दोन्हीकडच्या माणसांना धास्ती असते, पण धास्तीची जात वेगळी. उपग्रहवाल्यांना भीती ही की वर काही बिघडलं तर दुरुस्तीला जाता येणार नाही, म्हणून ते काहीच विसरत नाहीत आणि काहीच बदलत नाहीत. एकदा जमलेली झडप ते पिढ्यान् पिढ्या तशीच करतात. चिपच्या यंत्रवाल्यांना दर दोन-तीन वर्षांनी नवी पेटी लागते. जुनं विसरल्याशिवाय त्यांचं चालत नाही, आणि माणूस तिथे आला होता याची खूणसुद्धा मागे राहिलेली त्यांना खपत नाही. अलीकडे प्रत्येक हाताची आठवण ठेवतात, पलीकडे हात लागलाच नाही असं करून टाकतात. आणि या दोघींच्या मध्ये आम्ही दार बसवलं होतं.

मी असा थोर विचार करत उभी असताना काचेपलीकडे लक्ष गेलं. झडपांच्या हॉलमधली तीन-चार माणसं काचेला नाक लावून उभी होती. आतल्या त्या सारख्याच पांढऱ्या आकृत्यांमधल्या एकीकडे सगळे बघत होते. कोणती मृणाल हे मला शेजारी उभं राहून ओळखता आलं नव्हतं. त्यांना बाहेरून आलं होतं. मी नंतर जाधवांना विचारलं, कसं काय ओळखलं? ते म्हणाले, "चालण्यावरून. उन्नीस डावा पाय जरा घासून चालतात."

गोरखी

मृणालने घरी जेवायला बोलावलं. लष्कर नावाच्या जुन्या भागात, गोरखी या जुन्या वाड्याजवळच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिची आई सुमनताई राहतात. यांचे पूर्वज दरबारात कारकुनीला आले, आता घरात इंजिनियर आणि शिक्षक. सुमनताई शाळेतून निवृत्त. संक्रांत झाली होती. त्यांनी मला हळदीकुंकू लावलं आणि हातावर तिळगुळाऐवजी गजक ठेवली. गजक म्हणजे तीळगूळ कुटून केलेली पापुद्र्यांची वडी, तोंडात टाकताच विरघळणारी. आमच्याकडचे तिळाचे लाडू चावताना शेजारच्यालाही आवाज जातो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या.

"आमचं सगळं असंच, निम्मं तुमचं, निम्मं इकडचं," त्या म्हणाल्या. "बसा ना, गरम गरम वाढते."

कढी, मटारची उसळ, बाजरीची भाकरी. जेवताना सुमनताई सहज बोलून गेल्या, "हिला आजकाल नवीन खूळ लागलंय. वाटीला टिचकी मारते आणि कानाशी नेते. मग जेवते. मी म्हटलं, काय, उसळ बोलते काय तुझ्याशी?"

"मी?" मृणालने वर पाहिलं. "मी केव्हा केलं असं?"

"आत्ता केलंस की."

केलं होतं. मीही पाहिलं होतं. मृणालने माझ्याकडे पाहिलं आणि मी भाकरीत डोकं घातलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. स्वतःला मी लगेच समजावलं की माणूस ज्या खुर्चीत बसतो, ज्या टेबलाशी वाकतो, त्याच्या सवयी अंगात येतातच. खुर्ची मोऱ्यांच्या उंचीला बसवलेली, चहा मोऱ्यांचा, आजूबाजूची माणसं मोऱ्यांना ओळखणारी. तिचा डावा पाय का घासतो याचं उत्तर मात्र मला त्या समजावणीत बसवता येईना.

आई आत गेल्यावर मृणाल खुर्ची ओढून जवळ आली.

"ताई, एक सांगू? तिथे मला कोणी नावाने नाही बोलवत. माझ्याशी बोलतात ते मोरेसाहेबांच्या गोष्टी. उन्नीस, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? उन्नीस, पोराचा रिश्ता झाला का? पहिले पहिले मी हसायचे. मागच्या हफ्त्यात एकाने असंच काही विचारलं, आणि मी जवाब दिला. बरोबर जवाब दिला, ताई. मला माहीत असायचं काही कारण नव्हतं."

"काय विचारलं होतं?"

"ते नाही आठवत. जवाब दिला एवढंच आठवतं." तिने खालचा ओठ दाताखाली धरला. "मला दुसरा नंबर द्या. तुम्ही पुण्यातून करू शकता ना?"

करता आलं असतं. एक फोन पुरे होता. पण मग जाळीचं कुलूप कोण उघडणार? जाधवांची माणसं दुसऱ्या कोणाच्या हातून तो माल बाहेर पडू देणार नाहीत हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. ते तिलाही कळत होतं. तिनेच तोड काढली.

"मी माझ्या तरीक्याने तपासते," ती म्हणाली. "आमच्या मशीनवर. माल चांगला निघेल, मला पक्कं ठाऊक आहे. पास करते, त्या लोकांचा हॉल वाचेल, आणि मग तुम्ही हा नंबर बंद करा. त्यांच्या मोरेसाहेबांना त्यांच्याकडे राहू द्या. मला मी पाहिजे."

मी कबूल केलं. इतकं सरळ आणि शहाणपणाचं काही त्या आठवडाभरात कोणी बोललं नव्हतं.

जाळी उघडली तो दिवस

शुक्रवारी धुकं कारखान्याच्या खिडक्यांना टेकून बसलं होतं. जाधवांनी किल्ली मृणालच्या हातात दिली आणि तिने कुलूप काढलं. नियमाप्रमाणे साक्षीदार लागतो, ती मी. तिने भाग स्वतः ट्रेमध्ये घेतले आणि भिंतीतल्या दारातून पलीकडे नेले. झडपांच्या हॉलमधली माणसं यंत्रं बंद करून काचेशी आली. त्यांच्यातल्या निम्म्यांची तरी नोकरी त्या ट्रेवर अवलंबून होती. तरीही त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. दवाखान्यात मोठे डॉक्टर येणार म्हटल्यावर नातेवाईक वाट बघतात तसे ते उभे होते.

तपासणी साधी असते. भागाच्या आतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि बाहेरून हेलियम वायू सोडायचा. कुठे डोळ्यांना न दिसणारी फट असली तर हेलियम तिच्यातून आत शिरतो आणि यंत्राला तो कळतो. यंत्र एकसुरी गुणगुणत असतं, गळती सापडली की सूर चढतो. मृणाल पांढऱ्या झग्यात होती. मी तिच्या इतक्या जवळ होते की तिचा श्वास मला पट्टीतून ऐकू येत होता. एकामागून एक भाग लागत गेला. सूर एकदाही चढला नाही. माल निर्दोष होता. मी स्वतः प्रत्येक आकडा पाहिला, इतका चांगला माल मी क्वचित पाहिला आहे.

शेवटचा भाग काढला तेव्हा ती माझ्याकडे वळली. फक्त डोळे दिसत होते, पण ते हसत होते. "झालं, ताई," ती म्हणाली. "सगळे पास."

मलाही हायसं वाटलं. मी तिच्या पाठीवर थापही मारली.

झगा उतरवून ती अलीकडे आली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. ट्रे समोर. जाधवांनी शिक्का आणि दोन शाईचे डबे ठेवले, एक हिरवा, एक लाल. मृणालने पहिला भाग उचलला. त्याच्यावर पेराने टिचकी मारली. कानाशी नेला. मग शिक्का लाल शाईत बुडवला आणि चिठ्ठीवर उमटवला.

मला वाटलं, डबा चुकला. मी "मृणाल" म्हणाले. तिने दुसरा उचलला. टिचकी, कान, लाल. तिसरा. तिचा हात घाईत नव्हता. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाचा हात होता तो. मी पुन्हा हाक मारणार तेवढ्यात जाधवांनी माझ्या मनगटावर बोटं टेकवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा हॉल त्यांच्यासमोर बुडत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे मी जन्मात विसरणार नाही.

सगळे भाग लाल झाल्यावर तिने शिक्का पुसून डब्यात ठेवला, उठली आणि घरी निघून गेली. डावा पाय घासत होता की नाही ते मी मुद्दाम पाहिलं नाही. मला बघायचंच नव्हतं. नापसंत माल चुकूनही कोणी वापरू नये म्हणून तिथे तो लगेच कापून टाकतात. तासाभरात त्या देखण्या भागांचे तुकडे झाले. साक्षीदार म्हणून मी सही केली, कारण जे पाहिलं ते पाहिलं होतं.

"बाईसाहेब, मनावरचं ओझं उतरलं," जाधव मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. "मोरेसाहेबांचं सांगायचं राहून गेलं होतं. आज सांगून गेले."

"पण माल चांगला होता, जाधव. मी स्वतः पाहिलं."

"असेल," ते म्हणाले. "उन्नीस नाही म्हणाले ना."

मी गेस्टहाऊसवर येऊन पुण्याला फोन केला आणि एकोणीस नंबर त्याच क्षणी बंद करायला लावला. मृणालने असं का केलं याचा मी संध्याकाळभर विचार केला. शेवटी मला वाटलं, पोरीने धाडस केलं. मोऱ्यांचा शब्द पुरा करून टाकला, म्हणजे कोणी पुन्हा तिच्याकडे त्यांचं काही मागायला येणार नाही. चांगला माल तिने जाणूनबुजून बळी दिला. हे मला पटलं नाही, पण समजलं. तेवढ्या समजुतीवर मी झोपू शकले.

स्टेशन

सकाळी मृणाल मला सोडायला आली. खुशीत होती. तिने आईने दिलेला गजकेचा डबा माझ्या हातात ठेवला आणि मला धुक्यातून फलाटावर घेऊन गेली. गाडी यायची होती.

"नंबर बंद केलाय," मी सांगितलं. "सोमवारपासून तुला नवा मिळेल."

"थँक्यू, ताई. किती हलकं वाटतंय सांगू!" तिने दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. "मला टेन्शन होतं की जाधवसाहेब काही अडंगा घालतील. पण पास केल्यावर काही बोललेच नाहीत. आता त्या लोकांचा हॉलही वाचला, आणि सोमवारी बघा, सगळे मला मृणालच म्हणणार."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. थट्टा करणारा माणूस असा बघत नाही.

सोमवारी ती त्या हॉलमध्ये जाणार होती. तिथे कोणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून मी सांगितलं. जसं घडलं तसं सांगितलं, खुर्ची, डबे, टिचकी, लाल शाई, कापलेले तुकडे. तिने बाहीतून उजवा हात बाहेर काढला आणि बघू लागली. अंगठ्याच्या कडेला लाल डाग होता. तिला तो सकाळीच दिसला असावा, कारण भोवतालची कातडी घासून घासून सोललेली होती.

"मशीनवर मी होते," ती म्हणाली.

"होतीस."

"सगळे पास, असं तुम्हाला मी बोलले."

"तूच बोललीस."

"मग त्यानंतर मी कुठे होते, ताई?"

तिचा हात मी दोन्ही हातांत धरून ठेवला, गाडी आली तरी सोडवेना. मी तिला म्हटलं, सुट्टी घे, आईला घेऊन पुण्याला ये, माझ्याकडे राहा, त्या हॉलमध्ये पुन्हा पाऊल टाकू नकोस. ती हो हो म्हणत होती. तिने माझी बॅग वर ठेवून दिली, खाली उतरली आणि वळून चालू लागली.

मी दारात उभी राहून तिला हाक मारली, "मृणाल!" ती चालत राहिली. मी अजून मोठ्याने हाक मारली. फलाटावरचे दोन हमालसुद्धा वळले. ती नाही. तिसऱ्या हाकेला ती थांबली, मागे वळली आणि धुक्यातून हात हलवला. आधीच्या दोन हाका गर्दीत तिला ऐकू गेल्या नसतील, असं मी स्वतःला पुणं येईपर्यंत सांगत राहिले.